पाण्याचा अनुभव

फॉर्ममध्ये सातवा प्रश्न होता: पाण्याचा अनुभव?
मी लिहिलं, एकतीस वर्षं.
खोटं नाही. मुसाखेडीला तक्रारखिडकीशी बसत होते,
काळा फोन, लाल शाईची वही.
बाई, नळ कोरडा आहे.
बाई, येतंय पण गढूळ.
बाई, कधी येईल?
नर्मदा सत्तर किलोमीटर चढण चढून इंदूरला पोचते,
दमते, म्हणून एक दिवसाआड,
हे सगळं फोनवर सांगता येत नाही.
मी म्हणायची, येईल.

जागा खरी ऋजुताची. भाची माझी, तिकडे तुर्कूला असते.
शिडाची बोट, माणसं पाच, जुलैचे बारा दिवस.
तिचा पाय मोडला आणि तिनं विचारलं, मावशी, तू जातेस?
गंमत म्हणूनच विचारलं असावं.
मी हो म्हटल्यावर
दोन्हीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.

बोटीची मालकीण आयला, वय सदुसष्ट. तिचं पत्र मोजकं:
सुटकेस नको. मऊ पिशवी, दहा किलो.
लोकरीचे मोजे, दोन जोड.
स्वयंपाक पाळीनं.
रात्र होणार नाही, तरी झोपायचं.

बेचाळीस डिग्रीत सीतलामाता बाजारात मोजे मागितले.
दुकानदार म्हणाला, "आंटी, मई में?"
आणि पोऱ्याला माळ्यावर चढवलं.
डांबरगोळ्यांचा वास घेऊन तो उतरला,
शिंकत.

नेहरू पार्कच्या तलावावर सकाळी सहाला बायकांची बॅच.
पुष्पा यादव काठावरून ओरडते,
"सिर नीचे, आंटी, सिर नीचे!"
मान खाली घाल, हे आजवर पुष्कळांनी सांगितलं.
माझ्या भल्यासाठी ही पहिलीच.

संध्याकाळी गच्चीच्या कठड्याला परकराची नाडी बांधून गाठी शिकते.
गाठ अशी हवी, आयला लिहिते,
वारा ओढेल तेवढी आवळणारी,
आणि अंगठ्यानं ढकललं की सुटणारी.
अशी गाठ मला साठीला टेकल्यावर कळतेय.
वारा म्हणून दिगंबर ओढतात.
चहा गार होतोय म्हणतात, पण ओढतात.
मला बोलावलं असतं तरी आलो नसतो, हे दोनदा म्हणून झालंय.
ओंकारेश्वरच्या नावेत त्यांना मळमळलं होतं,
लग्नाच्या वर्षी.
मी पदर पुढे धरला होता. तो शालू अजून आहे.

आमच्या ऑफिसच्या नकाशात शहर पिवळं
आणि टाक्या निळे ठिपके.
हा नकाशा उलटा.
निळ्यात पिवळे ठिपके, हजारो, काही तर
पेन टेकलं म्हणून उमटलेले.
एवढ्या पाण्यात
एकही पाइपलाइन नाही. मी शोधली. सवय.

रात्री भीती वाटते, साधीच.
पडले तर कुठल्या भाषेत ओरडायचं.
पाचांत एकच संडास, त्याला कडी असेल का.
माझ्या पाळीला काय रांधू? पिठलं लावीन,
वरून जीरावन.
पुडी पिशवीत टाकली, काढली, परत टाकली.
पन्नास ग्रॅम. मोज्यांइतकीच.
आणि दिवेलागण? सूर्य जायलाच तयार नसला
तर सांजवात कुठल्या घड्याळावर?
सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या,
आणि मग मी ऐकलं नसतं.

काल पुन्हा फोन आला. पाटनीपुऱ्याच्या सराफकाकू,
माझा घरचा नंबर त्यांच्याकडे कसा, देव जाणे.
रिटायर होऊन दीड वर्ष झालं, सांगून पाहिलं.
ते असू दे, म्हणाल्या, पाणी कधी येईल?
दोन्ही हात गुंतलेले, फोन खांद्याशी दाबून धरलेला,
मी सवयीनं येईल म्हणणार, तेवढ्यात
दिगंबरांनी पलीकडून जोरात ओढलं
आणि गाठ
राहिली.
काकू, थांबा जरा, म्हटलं.